दोन भागांची रिम व हवेचा सांधा

दुसऱ्या महायुद्धातील अनेक जीप गाड्यांच्या चाकांची रिम बोल्टांनी जोडलेल्या दोन भागांची असे. बोल्ट सोडले की ताठ टायरही पहारीवाचून निघे. सांध्यातून हवा निसटत असल्याने आत ट्यूब मात्र ठेवावीच लागे. खडकाळ वाटेवर हवा कमी करून गाडी हाकली की हीच ट्यूब चिमटते व फाटते. तेव्हा ट्यूब काढून सांधाच बुजवावा, ही इच्छा रास्त होय.

परंतु दोन भागांच्या मध्ये सिलिकोनचा लेप थापणे हा उपाय फसवा आहे. मऊ लेप दाबाखाली हळूहळू सरकतो व बोल्ट ढिले पडतात. येथे चूक महागात पडते, कारण दर चौरस सेंटिमीटरला २ किलोग्रॅम एवढ्याच दाबाने या भागांना विलग करू पाहणारा एकूण जोर टनाहून अधिक भरतो. (सर्व हवा सोडल्यावाचून या बोल्टांना पाना लावणे म्हणूनच जीवघेणे.)

भार धातूने धातूवर पेलावा, हवा रबराने अडवावी. विमानाच्या दोन भागांच्या चाकांत कोरीव खाचेत गोल रबरी कडे बसवितात. आतली हवाच त्यास फटीवर दाबून धरते. अशी खाच कोरण्याइतकी जाडी रिमला नसेल, तर जुनी ट्यूबच बरी.