ताटाशेजारचा स्वस्त पेला



वाईन म्हटले की आपल्यापुढे दोनच चित्रे येतात. उंच दांडीचा पेला नाकाशी धरून डोळे मिटणारा हॉटेलातला साहेब, नाहीतर गुत्त्याबाहेर पडलेला आपलाच भाऊबंद. दक्षिण फ्रान्सच्या लांगदॉक भागातली साधी लाल वाईन या दोन्ही चित्रांत बसत नाही. ती जेवणात बसते. पाव, ऑलिव्ह, चीज, नाहीतर घेवड्याचे दाणे आणि मांस तासन् तास शिजवून केलेले कासुले, आणि ताटाशेजारी लहान पेला. काळ्या द्राक्षांचा रस सालीसकट आंबवतात. सालीचा तुरटपणा तेलकट घासानंतर तोंड साफ करतो. त्याला जुनी, मुरवलेली, महाग बाटली लागत नाही. अशा जेवणाला यंदाची पातळ, आंबटसर वाईनच बरी. किंमत वाचून चव सांगणारे शहाणे आपल्याकडे ज्वारीच्या भाकरीलाही नाके मुरडत होते. आता तीच हॉटेलात महाग विकतात.

तर पेला स्वस्त असावा, हे आम्हाला मान्य. पण स्वस्त कोणाच्या जिवावर?

आम्ही कृषी महाविद्यालयात फिलॉक्सेरा शिकलो. मुळावरची कीड, उपाय अमेरिकन खुंटावर कलम. गुणही मिळाले. त्या किडीनंतर शेतकऱ्याचे काय झाले ते मात्र कोणी शिकवले नाही. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात बागा मेल्या, वाईनचा तुटवडा पडला. व्यापारी साखरपाण्याची आणि बेदाण्यांची वाईन करायला शिकले. बागा पुन्हा उभ्या राहिल्या, पण भेसळ हटली नाही. १९०३ मध्ये सरकारने साखरेवरचा कर कमी करून तिला बळच दिले. भाव खर्चाखाली गेला. शहरात पेला स्वस्त, आणि तो पिकवणाऱ्याच्या घरी उधारी!

११ मार्च १९०७ ला आर्जेलिए गावचे ८७ जण मार्सेलें आल्बेर या छोट्या बागायतदाराबरोबर नार्बोनला चालत गेले. मग दर रविवारी सभा. ९ जूनला मोंपेलिएत लाखो माणसे. करबंदी झाली, नगराध्यक्षांनी राजीनामे दिले. पंतप्रधान क्लेमांसोने फौज धाडली, नार्बोनला गोळीबारात माणसे मेली. १७ व्या पलटणीतली त्याच भागातली पोरे मात्र बंड करून बेझिएला आली. आल्बेर पॅरिसला जाऊन क्लेमांसोला भेटला. त्याने परतीच्या भाड्याला १०० फ्रँक दिले आणि ती गोष्ट वर्तमानपत्रांत गेली. झाले, माणूस आपल्याच लोकांत बदनाम! (मंत्र्यांच्या दालनात एकटे जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे दोनदा वाचावे.) तरी २९ जूनला भेसळीविरुद्ध कायदा झालाच, आणि सप्टेंबरात ताज्या द्राक्षांखेरीज कशालाही वाईन म्हणायला बंदी आली.

त्याआधी, १९०१ मध्ये, मारोसां गावच्या छोट्या बागायतदारांनी सहकारी संस्था काढून आपली वाईन थेट पॅरिसच्या कामगारांच्या ग्राहकसंस्थांना विकायला सुरुवात केली होती. मधला दलाल गेला की कामगाराला पेला परवडतो आणि शेतकऱ्याला भाव मिळतो. याला आम्ही स्वस्ताई म्हणतो. बाकीची लूट!

कापूसवाल्यांनो, आपल्या रानात द्राक्ष नाही, मग आपल्याला काय, असे म्हणू नका. सरकी निघाली, गाठ बांधली, की माल आपला राहत नाही, द्राक्षाचेही तेच. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारने मोठ्या दुकानांत वाईन विकू देण्याचे ठरवले. एक बाजू संस्कृती बुडाली म्हणून ओरडली, दुसरी द्राक्ष बागायतदाराच्या नावाने गहिवरली. बाटलीच्या किमतीतले बागायतदाराला किती, हे दोघांनीही आम्हाला सांगितले नाही.

गैरसमज नको. मायबहिणी दारूच्या दुकानांविरुद्ध उभ्या राहिल्या तेव्हा आम्ही त्यांच्याबरोबर होतो आणि आहोत. लाल वाईन हृदयाला चांगली, हेही कोणाचे ऐकू नका. दारूचे कोणतेच प्रमाण सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये बजावले आहे. फ्रान्समध्येही ताटाशेजारचा पेला कमी झाला. २०२३ मध्ये तिथल्या सरकारने जादा वाईन ऊर्ध्वपातन करून संपवायला २० कोटी युरो ठेवले. तिथला बागायतदार अडला की तिजोरी उघडते, आपला अडला की समिती नेमतात.

ज्यांना दुकानांत वाईन ठेवायची आहे त्यांना आमचे एकच सांगणे आहे. बाटलीवर कराशेजारी द्राक्षाला दिलेला भाव छापा. मग पेल्याचे बोलू.