सबुरी म्हणजे केवळ सोसणें नव्हे

आपल्या घरांत कोणावर संकट आलें म्हणजे वडील माणसें पाठीवरून हात फिरवून म्हणतात, "बाई, जरा सबुरी धर." शिर्डीच्या साईबाबांमुळें हा शब्द महाराष्ट्रांत घरोघरीं श्रद्धेच्या शेजारीं जाऊन बसला आहे. परंतु तो मूळ अरबी 'सब्र' या शब्दापासून फारसीच्या वाटेनें आपणांकडे आला, हें बोलतांना कोणाच्या ध्यानींही येत नाहीं. हाच सब्र आज हजारों कोसांवर, अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत, सोमाली स्त्रियांचा आधार झालेला आहे. त्यांच्या आयुष्यावरून या शब्दाचा जो अर्थ निघतो, तो वाचकभगिनींनीं विचारांत घ्यावा असें वाटल्यावरून या महिन्यांत त्याविषयींच लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सोमालियांत १९९१ च्या जानेवारींत सियाद बारे यांची राजवट कोसळली व देशांत यादवी माजली. लाखों कुटुंबें घरदार टाकून निघालीं. शेजारच्या केनियांत दादाब येथें सुमारें ९०,००० माणसांसाठीं छावण्या उभारल्या होत्या. २०११ सालच्या दुष्काळांत तेथें चार लाखांहून अधिक माणसें दाटलीं. कित्येक स्त्रियांचें तारुण्य त्या तंबूंतच सरलें. ज्यांना अमेरिकेनें आश्रय दिला त्यांपैकीं पुष्कळजणी मिनेसोटांत स्थिरावल्या, आणि त्या देशांतील सोमाली लोकांची सर्वांत मोठी वस्ती आज तेथेंच आहे. विषुववृत्ताजवळच्या उन्हांत वाढलेली बाई बर्फांत येऊन पडली. कोणाचा नवरा युद्धांत गेलेला, कोणाचें मूल छावणींत मागें राहिलेलें, भाषा परकी, आणि डोक्यावरील वस्त्रामुळें रस्त्यानें जातांना हजारांत ओळखूं येणारी.

अशा बाईला धर्म काय देतो? प्रथम तो तिच्या दिवसाला आकार देतो. ज्यांनीं आपल्या आजोबांची संध्या पाहिली आहे, त्यांस हें निराळें सांगावयास नको. घर बदललें, काम बदललें, ऋतूही बदलले, तरी पांच नमाज सुटत नाहींत. कोणी वृद्धांची शुश्रूषा करीत असो, कोणी मांसाच्या कारखान्यांत पाळीवर उभी असो, प्रार्थनेपुरती ती कोणाची चाकर नसते. कारखान्यांतून या वेळांवरून तंटेही झाले आहेत. रमजानची गोष्टही अशीच. सोमालियांत दिवस आणि रात्र बाराही महिने जवळजवळ सारखीं. मिनेसोटांत मात्र २०१५ च्या जून महिन्यांत रोजा सतरा तासांहून मोठा होता. तरीही इस्लामनें आजाऱ्यास व प्रवाशास रोजा पुढें ढकलण्याची मुभा ठेविली आहे. गर्भिणीस व अंगावर पाजणाऱ्या मातेसही ती सवलत आहे. नियम कडक दिसला तरी त्यांत देहाची कींव आहे.

परंतु सब्र म्हणजे डोळे मिटून बसणें काय? याचें उत्तर त्यांच्या धर्मकथेंतच आहे. इब्राहिमानें हाजरेस तान्ह्या इस्माईलसह मक्केच्या ओसाड खोऱ्यांत ठेविलें. जवळचें पाणी संपलें, मूल तळमळूं लागलें. ईश्वरावर तिचा पूर्ण भरवसा होता, म्हणून ती बसून राहिली नाहीं. सफा व मरवा या टेकड्यांमध्यें ती पाण्यासाठीं सात वेळां धांवली, आणि मग झमझमचा झरा प्रकट झाला. आजही हजच्या यात्रेंत स्त्रिया आणि पुरुष तिच्या त्या सात खेपा घालतात. परक्या भूमींत मूल घेऊन एकटी पडलेली ती आईच यात्रेकरूंची वाट दाखविणारी झाली आहे.

मिनेसोटांतील स्त्रियाही धांवतच आहेत. त्यांच्यांत 'आयूतो' नांवाची चाल आहे. हा शब्द इटालियन भाषेंतील 'मदत' या अर्थाचा; दक्षिण सोमालिया एके काळीं इटलीच्या ताब्यांत होता, त्याची ही खूण. दहा-वीस बायका दरमहा ठराविक रक्कम काढतात व पाळीपाळीनें एकीस सर्व रक्कम मिळते. ही आपली भिशीच होय. व्याज धर्मास निषिद्ध, म्हणून येथें व्याज नाहीं. विश्वास हेंच तारण. त्यांतून कोणी दुकान मांडतें, कोणी मागें राहिलेल्या बहिणीस पैसे पाठवितें.

आतां दुसरी बाजू सांगितली पाहिजे. मिनेसोटांतील सोमाली व ओरोमो तरुण निर्वासितांच्या २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत दुःख हलकें करण्याचा उपाय म्हणून प्रार्थनेचें नांव सर्वांत अधिक वेळां आलें. हा आधार खोटा नाहीं. परंतु ज्या बाईला युद्धांतील दृश्यें रात्रीं झोपूं देत नाहींत, तिला कोणी "तुझी श्रद्धा उणी पडली" असें म्हटलें, तर तोच आधार तिच्या छातीवरील धोंडा होतो. मग ती वैद्याकडे जात नाहीं, शेजारणीसही सांगत नाहीं. शिवाय कांहीं दुःखें माणसांनीं केलेलीं असतात. २०१७ च्या जानेवारींत सोमालियासह सात देशांतील लोकांस अमेरिकेंत प्रवेशबंदी झाली, व छावणींत राहिलेलीं मुलें आयांपासून आणखी दुरावलीं. ती बंदी २०२१ सालीं उठली. २०२५ च्या जूनमध्यें सोमालियावर पुन्हां बंदी आली. अशा वेळीं नमाजही हवा आणि वकीलही हवा.

आमच्या मतें सर्व भेद येथेंच आहे. स्वतः धरलेली सबुरी हें बळ होय. दुसऱ्यानें लादलेली सबुरी हें ओझें होय. आपल्याकडेही सासुरवाशिणीस, विधवेस, आजारी सुनेस आपण "सोस, देव पाहतो आहे" असें किती सहज सांगतों! तसें सांगणाऱ्यानें स्वतः एक तरी खेप घातली आहे काय? पुढच्या वेळीं घरांतील एखादीला सबुरीचा उपदेश करण्यापूर्वीं आधीं तिच्या हातांतील घागर आपल्या हातीं घ्यावी, आणि पाण्याच्या शोधांत तिच्याबरोबर चार पावलें चालावें, एवढेंच आमचें वाचकांस सांगणें आहे.