भाकरी हेच ज्यांचे औषध

नंदुरबार जिल्ह्याचे नाव वृत्तपत्रांत येते ते बहुधा कुपोषणाच्या बातमीत. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील हडकुळी मुले, रक्तक्षयाने फिकट पडलेल्या माता आणि सिकलसेलचे रुग्ण हे चित्र आता इतके परिचयाचे झाले आहे की, एखादे मूल वाढत नाही, त्याचे पोट फुगते, त्याला वारंवार जुलाब होतात असे दिसले, की तपासणीपूर्वीच निदान ठरून जाते. मूल कुपोषित आहे, त्याला अधिक खाऊ घाला! बहुतेक मुलांच्या बाबतीत हा सल्ला योग्यच असतो. परंतु एखादे मूल असेही निघते की, जे खाऊ घातले जाते त्यानेच ते खंगत असते. गव्हाची लापशी, बिस्किटे आणि पोळी त्याला जितक्या ममतेने भरवावी, तितके ते अधिकच क्षीण होते. वैद्यकशास्त्रात या विकारास सीलिअ‍ॅक असे नाव आहे. त्यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. गहू जन्मभर वर्ज्य करणे हा एकच उपाय. आणि ज्या धान्यांवर अशा रुग्णाने जगावयाचे, ती सातपुड्याच्या उतारांवर पिढ्यान्‌पिढ्या पिकत आली आहेत. रोग आणि औषध यांची अशी शेजारीशेजारी वस्ती असताना दोहोंची गाठ पडू नये, हा या प्रश्नातील खरा विपर्यास होय.

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे चिवट प्रथिन असते. कणीक मळली की लवचिक होते, लाटताना ताणली तरी तुटत नाही, ती या प्रथिनामुळे. ज्वारीच्या पिठात ते नाही. म्हणूनच भाकरी लाटत नाहीत, थापतात. आणि पीठ जुने होऊन त्याची विरी गेली की गृहिणीला कढत पाण्याचा आधार घ्यावा लागतो. स्वयंपाकघरातील हा रोजचा फरक काहींच्या बाबतीत आरोग्य आणि आजार यांतील फरक ठरतो. ज्यांच्या अंगी ही प्रवृत्ती वंशपरंपरेने आलेली असते, त्यांच्यापैकी काहींच्या शरीरातील संरक्षक यंत्रणा ग्लुटेनच्या निमित्ताने स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतील ज्या बारीक लवेतून अन्नरस रक्तात जातो ती लव झिजून सपाट होते, आणि भरल्या ताटावर बसूनही माणूस उपाशी राहतो. लहानपणी जुलाब आणि खुंटलेली वाढ ही लक्षणे दिसतात. मोठेपणी कित्येकदा पोटाची तक्रारही नसते. लोहाच्या गोळ्यांना दाद न देणारा रक्तक्षय, ठिसूळ हाडे आणि सततचा थकवा एवढेच जाणवते.

दुष्काळाने दिलेला धडा

या आजाराचे वर्णन इंग्लंडमधील सॅम्युएल गी या वैद्याने १८८८ मध्ये केले होते. त्याचे मूळ आहारात आहे हा तर्क त्याने केला. पण नेमका दोष कशात, हे कळण्यास आणखी अर्धशतक जावे लागले. विलेम डिके हे हॉलंडमधील हेग शहरातील बालरोगतज्ज्ञ. गव्हाविषयीचा संशय त्यांच्या मनात महायुद्धापूर्वीच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात त्या देशात भीषण अन्नटंचाई झाली आणि पाव मिळेनासा झाला. सारा देश उपासमारीने खचत असताना या आजाराच्या मुलांची प्रकृती मात्र सुधारू लागली. पाव पुन्हा मिळू लागताच ती पुन्हा ढासळली. डिके यांनी १९५० मध्ये आपल्या प्रबंधात हे निष्कर्ष मांडले आणि गहू वर्ज्य करण्याचा उपचार जगभर रूढ झाला.

हा युरोपातील गोऱ्या लोकांचा आजार होय, अशी समजूत भारतात दीर्घकाळ होती. ती खोटी ठरली आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशाच्या तीन भागांतील तेवीस हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी करण्यात आली. उत्तरेत शंभरांत १.२३, ईशान्येत ०.८७ आणि दक्षिणेत ०.१० असे या आजाराच्या रक्तातील प्रतिपिंडांचे प्रमाण आढळले. आनुवंशिक प्रवृत्ती तिन्ही भागांत जवळपास सारखीच, सुमारे एकतृतीयांश लोकांत होती. गव्हाच्या खपात मात्र मोठी तफावत होती: उत्तरेत माणशी दिवसाला सरासरी ४५५ ग्रॅम, तर दक्षिणेत अवघा २५ ग्रॅम. केवळ गव्हाच्या प्रमाणाने सारे उलगडत नाही, हे ईशान्येच्या आकड्यावरून दिसतेच. तथापि, ज्या प्रदेशाच्या ताटात गहू नव्याने शिरला आहे, त्या प्रदेशाने या आकड्यांकडे दुर्लक्ष करणे शहाणपणाचे नाही.

ताटात गहू आला

नंदुरबार हा नेमका असा प्रदेश आहे. तापीकाठच्या सपाटीवर दादर ज्वारीची भाकरी, कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा; डोंगरात मका, ज्वारी, भगर, मोर, बंटी हा येथील परंपरागत आहार. मोलगीच्या भगरीचा लौकिक तर जिल्ह्याबाहेरही आहे. गहू होता तो सणाच्या मानाचा. अखाजीला खापरावरची पुरणपोळी आणि पंगतीला वरण-बट्टी, एवढ्यापुरता. आज तो नित्याचा झाला आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरिबाच्या घरात धान्य पोहोचविले, ही गोष्ट निःसंशय मोठी. पण शिधावाटप दुकानातून मिळणारे धान्य म्हणजे मुख्यत्वे गहू आणि तांदूळ. त्यातच पोळीला प्रतिष्ठा मिळाली आणि भाकरी ही मागासपणाची खूण ठरली. चहाबरोबर बिस्किट आले, बाजाराच्या दिवशी पाव आला. वस्तुतः त्याच कायद्यात तांदूळ आणि गहू यांच्या जोडीला भरड धान्याचाही स्पष्ट उल्लेख आहे. २०२३ हे वर्ष भारताच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले आणि या धान्यांना 'श्री अन्न' असे भारदस्त नावही मिळाले. नाव मोठे झाले. शिध्याच्या पिशवीत मात्र त्याचे दर्शन अजून दुर्मीळच आहे.

रोजची सावधगिरी

गहू सोडणे म्हणजे केवळ पोळी सोडणे, असे ज्याला वाटते त्याने अशा रुग्णाचा एक दिवस पाहावा. गावातील गिरणीत आधीच्या गिऱ्हाईकाचा गहू दळला गेला असेल, तर पाठोपाठ दळलेल्या ज्वारीत त्याचे पीठ मिसळते. एका पोळीच्या पन्नासाव्या भागाइतका गहू रोज पोटात गेला तरी आतडे बरे होत नाही. बाजारातील बांधानी हिंगात बहुधा मैदा किंवा कणीक मिसळलेली असते; म्हणजे फोडणीची डाळही संशयास्पद. कुरडई गव्हाची, म्हणून ती वर्ज्य. ज्वारीची बिबडी चालेल, पण ती कुरडयांच्याच कढईत तळलेली नसावी. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा हातावर पडला की नाही म्हणणे कठीण. त्यामानाने उपवासाचा दिवस अशा माणसाला सुखाचा, कारण भगर, साबुदाणा, राजगिरा आणि शिंगाडा यांत ग्लुटेन नसते.

कचेरीच्या कामासाठी नाशिकला जाणाऱ्या कारकुनाला एसटीच्या थांब्यावर वडापाव, समोसा आणि बिस्किटे यांपलीकडे काही मिळत नाही. केळी आणि घरची भाकरी हाच त्याचा आधार. लग्नाच्या पंगतीत बट्टी परतविणारा पाहुणा यजमानाला अपमान करणारा वाटतो. पण सर्वांत अवघड स्थिती सासुरवाशिणीची. ती घरादारासाठी कणीक मळते, पोळ्या लाटते, सर्वांच्या मागून जेवते आणि जे उरले असेल ते खाते. उरते ती पोळी. स्वतःसाठी वेगळी भाकरी थापली तर तो नखरा ठरतो. आजार उघड करावा तर माहेरच्यांनी दोष लपविला असा बोल लागतो. म्हणून ती गप्प राहते आणि तिच्या रक्तक्षयाची नोंद लोहाच्या गोळ्या न घेणारी बाई अशी होते.

या आजाराच्या शेजारी आणखी एक व्यथा आहे. दोहोंची गल्लत होऊ नये. अन्नाची अ‍ॅलर्जी निराळी. शेंगदाणा, दूध, अंडे, मासे, तीळ असा एखादा पदार्थ पोटात जाताच काही मिनिटांतच अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास कोंडतो. क्वचित प्राणावरही बेतते. अशा वेळी अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपचार होय. सीलिअ‍ॅक सावकाश पोखरतो, अ‍ॅलर्जी एकाएकी झडप घालते. खानदेशात दाण्याचे कूट आणि शेंगदाण्याचे तेल पदोपदी वापरले जाते. तेथे शेंगदाणा न सोसणाऱ्या मुलाच्या आईची चिंता कल्पनेपलीकडची आहे. २०२० च्या नियमांनुसार बंद पाकिटावर ग्लुटेनयुक्त धान्ये, शेंगदाणा, दूध, अंडे, सोयाबीन आदींचा उल्लेख बंधनकारक आहे. परंतु तो मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला तरी कायद्याचे समाधान होते, मराठीची सक्ती नाही. आणि धडगावच्या बाजारात सुटा विकल्या जाणाऱ्या फरसाणावर तर कोणतीच चिठ्ठी नसते.

काय करता येईल

जेथे दोन वेळच्या अन्नाची भ्रांत, तेथे या दुर्मीळ आजाराची चर्चा ही चैन नव्हे काय, असा प्रश्न विचारला जाईल. त्याचे उत्तर असे की, ज्याच्या ताटात थोडेच पडते, त्याच्या ताटातील अन्न अंगी लागले नाही तर त्याची हानी सधनापेक्षा अधिक होते. शिवाय याचा उपाय महागडा नाही. मोठ्या शहरांत ग्लुटेनमुक्त म्हणून जी पिठे चढ्या भावाने विकली जातात, त्यांतील बरीचशी तांदूळ, ज्वारी, नाचणी आणि मका यांचीच असतात.

पहिली गरज आहे ती संशय घेण्याची. पोषक आहार देऊनही मुलाचे वजन वाढत नसेल, गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन चढत नसेल, तर सिकलसेलच्या तपासणीबरोबर या आजाराची रक्ततपासणीही व्हावी. ती होईपर्यंत रुग्णाने गहू सोडता कामा नये, कारण आधीच सोडला तर तपासणी फसवी ठरते. निदान पक्के करण्यासाठी बहुधा दुर्बिणीने आतड्याचा तुकडा तपासावा लागतो. एकात रोग आढळला की आईवडील आणि भावंडे यांचीही तपासणी व्हावी, कारण निकटच्या नातलगांत दहांतील सुमारे एकाला तो असू शकतो. नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील तरुण डॉक्टरांना हा विषय केवळ पुस्तकातला राहू नये.

दुसरी गरज प्रशासनाने लवचिकता दाखविण्याची. निदान झालेल्या रुग्णास वैद्यकीय दाखल्यावर गव्हाऐवजी ज्वारी, नाचणी किंवा अधिकचा तांदूळ मिळावा. अंगणवाडीतील गव्हाच्या आहाराला तांदूळ किंवा नाचणीचा पर्याय असावा. आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत अशा विद्यार्थ्यासाठी निराळा तवा आणि निराळे पीठ ठेवणे अशक्य नाही. गिरणीची भीती असेल तर माळ्यावर पडलेले जुने जाते खाली उतरवावे. ज्वारीपुरतेच राखलेले जाते हे या रोगावरचे अस्सल देशी साधन ठरेल.

तिसरी जबाबदारी शिक्षकांची. डबा उघडताना लाजणारे, वाढदिवसाचा केक नाकारणारे, सहलीला येत नाही म्हणणारे मूल हट्टी आहे की आजारी, हे सर्वांत आधी शिक्षकालाच कळू शकते. वर्गातील कोणाला कोणते अन्न सोसत नाही, याची नोंद हजेरीपटाच्या पहिल्या पानावर असावी.

यावरून सर्वांनीच गहू टाकावा असा अर्थ कोणी काढू नये. शहरांतून तशी एक लाटही आली आहे. ती निरर्थक होय. बहुसंख्यांना गहू उत्तम सोसतो आणि ज्यांच्याकडे तोच आहे त्यांनी तो निश्चिंतपणे खावा. प्रश्न आहे तो ज्यांना तो विषासमान आहे त्यांचा. सर्वांना समान अन्न देणे हा न्याय खराच; पण ज्याला जे सोसते ते त्याला देणे हा त्याहून सूक्ष्म न्याय आहे. त्यासाठी नंदुरबारला परमुलखातून काही आणावयाचे नाही. जे शेतात आहे, ते त्या माणसाच्या ताटात मानाने वाढावयाचे आहे.