साउंड ड्रायव्हरच तर आहे!

"साउंड ड्रायव्हरच तर आहे, बिघडला तर फार तर गाणं वाजणार नाही." असं संगणकातली जाणकार मंडळीसुद्धा म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही.

लिनक्समध्ये हा ड्रायव्हर कर्नलच्या आत चालतो. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा. तिथे शिरलं की घराच्या सगळ्या किल्ल्या हातात. फेब्रुवारी २०२५ मध्ये अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने सर्बियातल्या एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा कुलूपबंद अँड्रॉइड फोन यूएसबीमार्गे कसा उघडला गेला ते उघड केलं. त्या निमित्ताने यूएसबी ड्रायव्हरांतल्या तीन त्रुटी पुढे आल्या. त्यातली एक ध्वनीच्या ड्रायव्हरात होती!

चूक अशी. उपकरण जोडलं की ते आपल्याकडे किती कॉन्फिगरेशन्स आहेत ते सांगतं आणि कर्नल तेवढी मेमरी राखतो. एक्स्टिजी आणि एमबॉक्स या जुन्या साउंड उपकरणांसाठी मात्र ड्रायव्हर ही माहिती नंतर पुन्हा वाचायचा. त्यांचं सोंग घेतलेल्या उपकरणाने दुसऱ्यांदा मोठा आकडा सांगितला, तर कर्नल तोच खरा धरायचा. जागा मात्र पहिल्याइतकीच! म्हणजे पानं मांडली दहा आणि वाढप्याला सांगितलं, पन्नास जणांना वाढ. तो शेजारच्या घरात जाऊन वाढणारच की.

आता कुणी म्हणेल, सुरक्षित फंक्शनं आहेत ना? आहेत. ३२ बिटांत २६,८४,३५,४५७ गुणिले १६ चं उत्तर फक्त १६ उरतं आणि मागितल्यापेक्षा फारच कमी जागा मिळते. हे टाळणारं केमॅलॉक-अ‍ॅरे २०१२ पासून कर्नलमध्ये आहे. २०१८ मध्ये जुना कोड मोठ्या प्रमाणावर त्याकडे वळवला गेला. ते वापरलंच पाहिजे. पण वरच्या चुकीत गुणाकार बरोबरच होता. नंतर बदललेल्या आकड्याला ते फंक्शन काय करणार?

म्हणून माझं मत असं, की जागा ज्या आकड्यावर मागितली, पुढे तोच आकडा चालला पाहिजे. उपकरणाने नवा सांगितला तर आधी तपासायचा, मोठा असेल तर नाकारायचा. दुरुस्तीत नेमकं हेच केलंय. दोन-चार ओळींची तपासणी आहे ही, कंटाळवाणी, पण ड्रायव्हर छोटा म्हणून ती गाळायला नको.

असो. ही दुरुस्ती अँड्रॉइडच्या एप्रिल २०२५ च्या अपडेटमध्ये आली. तेव्हा काका-मावशी मंडळी, फोनवरची ती सूचना "नंतर बघू" म्हणून बाजूला सारू नका!