वापसा हाताला कळतो

उसाला पाणी कधी द्यावे, असे आज कुणा सभासदाला विचारले तर पुष्कळदा उत्तर येते, "लाईट आली की!" यात थट्टा नाही. वीज रात्री-अपरात्री येते, मोटारीला ऑटो बसवलेला असतो, आणि मालक घरी निजलेला असतो. सरीतून पाणी वाहते, पण माती कुणी हातात घेत नाही. आमच्या मते ऊसशेतीतले सर्वांत महागात पडणारे दुर्लक्ष हेच.

जमिनीत ओल असावी, पण पाणी तुंबलेले नसावे, मातीत हवा खेळती असावी, याला आपण वापसा म्हणतो. मुळी पाणी पिते तसा श्वासही घेते. हवा कोंडली की पांढरी मुळी काळी पडते. मग युरियाची पोती ओतली तरी खाणार कोण? जुनी माणसे वीतभर खणून मूठभर माती घेत, दाबून गोळा करीत आणि कमरेच्या उंचीवरून सोडीत. गोळा फुटून भुगा झाला तर वापसा. तसाच चिकट राहिला तर पाणी थांबवा. गोळाच होईना, तर पाणी द्यायला उशीर झाला समजा. तीच माती नाकाशी धरा. कुबट, सडका वास आला तर आतली हवा केव्हाच संपली.

काही तरुण सभासद म्हणतात, आता सेन्सर आलेत, हे कशाला? सेन्सर जरूर बसवा, ठिबकही करा. पण सेन्सर जिथे पुरला तिथलेच सांगतो. एकाच प्लॉटात वरच्या अंगाला मुरमाड आणि खालच्या अंगाला काळी भारी जमीन, हे अनवाणी फिरणाऱ्या पायाला ठाऊक. (बांधावरून फटफटी नेणाऱ्याला नाही कळायचे!)

उलट बाजूही सांगितली पाहिजे. ही जाण दैवी देणगी नव्हे, सरावाची गोष्ट आहे, आणि ती फसतेही. ऊस ठोकल्यावर खणखणला, बुडखा चावून गोड लागला, की आपण तोडीची घाई करतो. पण बुडखा आधी गोड होतो, शेंडा मागून. ब्रिक्समीटरने दोन्हीकडचा रस पाहावा. आकडे जवळजवळ आले तरच ऊस पक्व. जीभ तेवढे सांगू शकत नाही.

पाण्याच्या बाबतीत मात्र नाद सोडून चालणार नाही. कृष्णाकाठी शिरोळ, मिरज, वाळवा भागात अतिपाणी आणि निचऱ्याचा अभाव यांनी हजारो एकर जमीन क्षारपड झाली. पांढरी मीठफुटी डोळ्यांना दिसेपर्यंत पीक खुजे होऊन गेलेले असते.

म्हणून शेतकी खात्याला सूचना. लागण नोंदीला येणाऱ्या कर्मचाऱ्याने मालकाला बोलावून प्लॉटात तीन ठिकाणी माती खणून दाखवावी. गटसभेला सभासदांनी आपापल्या शेतातली ओली माती पिशवीत बांधून आणावी. आणि घरच्या बायकांना सोबत आणावे. भांगलणीला दिवसभर सरीत बसणाऱ्या त्या. जमिनीचा ओलावा त्यांच्या हाताला रोजचा, पण पाण्याची पाळी ठरवताना त्यांना आजवर कुणी विचारलेले नाही.