प्रतिकृतीची साक्ष

पहिल्या महायुद्धातील ज्या एका विमानाची आकृती साऱ्या जगाच्या परिचयाची झाली, ते मान्फ्रेड फॉन रिश्टहोफेन या जर्मन उमरावाचे तांबडे, तीन पंखांचे फोकर आज कोठेही अस्तित्वात नाही. इतकेच काय, त्या जातीची जी सुमारे 320 विमाने कारखान्यातून बाहेर पडली, त्यांतील एकही अस्सल विमान शिल्लक राहिलेले नाही. स्वतः रिश्टहोफेनने उडवलेले एक विमान बर्लिनच्या संग्रहालयात जतन करून ठेवले होते, तेही दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बवर्षावात नष्ट झाले. म्हणून जेव्हा न्यूयॉर्क राज्यातील ओल्ड ऱ्हाइनबेक येथे किंवा न्यूझीलंडमधील ओमाका येथे तसले विमान प्रेक्षकांच्या डोक्यावरून घरघरत जाते, तेव्हा ते नव्याने घडवलेलेच असते. अशा प्रतिकृतींपायी पैसा, कौशल्य आणि प्रसंगी वैमानिकाचा जीवही पणाला लावणे कितपत योग्य, असे जाणती माणसेही विचारतात. अस्सल वस्तू असेल तर ती काचेआड जपावी, नसेल तर चित्रांवर आणि दप्तरातील कागदांवर समाधान मानावे, पण नकलेला इतिहासाचा दर्जा देऊ नये, असा त्यांचा आक्षेप असतो. आक्षेप प्रामाणिक आहे. तरीही मला तो मान्य नाही.

विमान ही वस्तू जमिनीवर उभी असताना स्वतःविषयी फार थोडे सांगते. त्या काळच्या पुष्कळशा लढाऊ विमानांना नोम, ल ऱ्होन, क्लर्जे या फ्रेंच कारखान्यांची जी इंजिने बसवलेली असत, त्यांची रचना आजच्या माणसाला चमत्कारिक वाटेल अशी होती : क्रँकशाफ्ट विमानाच्या सांगाड्याला पक्का जखडलेला, आणि पुढच्या पंख्यासह सारे सिलिंडर त्याच्याभोवती मिनिटाला हजाराहून अधिक फेरे घेणारे. या फिरत्या इंजिनाला वंगण म्हणून एरंडेल तेल लागे, कारण ते पेट्रोलमध्ये मिसळून पातळ होत नसे. आणि एकदा वापरलेले तेल इंजिनात परत न येता वाऱ्यावर फेकले जाई, ते वैमानिकाच्या चष्म्यावर, तोंडावर आणि श्वासावाटे पोटातही पोहोचे. एरंडेलाची एक मात्रा आपल्याकडे लहान मुलांना काय करीत असे हे ज्यांना आठवते, त्यांना उघड्या विमानात दोन-दोन तास त्याचे तुषार गिळणाऱ्या तरुणांच्या हालांची कल्पना निराळी द्यावी लागणार नाही. इंजिनाचा वेग हवा तसा कमी-जास्त करण्याची सोयही जवळजवळ नव्हती. जमिनीवर उतरताना बटण दाबून ठिणगी क्षणभर तोडावी, सोडावी, पुन्हा तोडावी, अशा रीतीने विमान खाली आणावे लागे.

सॉपविथ कॅमल हे ब्रिटिशांचे नामांकित लढाऊ विमान. त्याच्या नाकाशी फिरणाऱ्या त्या वजनदार चक्रामुळे उजवीकडे वळताना विमानाचे नाक खाली जाई व डावीकडे वळताना वर उठे, आणि उजवे वळण इतके तडकाफडकी होई की डावीकडे 90 अंश वळण्याऐवजी उजवीकडे 270 अंश वळणे काही वैमानिक पसंत करीत, असे सांगतात. शत्रूला चकविण्याच्या कामी हाच गुण उपयोगी पडला आणि शिकाऊ तरुणांच्या जिवावरही हाच गुण बेतला. हे सारे पुस्तकात लिहिलेले आहे, हे खरे. पण लिहिलेले कितपत खरे आहे आणि त्यामागचे कारण कोणते, याची खातरजमा ते विमान पुन्हा घडवून, पुन्हा आकाशात नेल्यावाचून होत नाही.

अर्थात येथेच प्रतिकृतीकारावर मोठी जबाबदारी येते. जुन्या कॅमलच्या आकाराच्या विमानात आधुनिक, स्थिर सिलिंडरांचे इंजिन बसवले तर ते विमान दोन्ही बाजूंना सारख्याच सालसपणे वळेल, आणि पाहणाऱ्याचा असा ग्रह होईल की त्या काळचे वैमानिक उगाच भीत होते. सुरक्षिततेसाठी अशी तडजोड करणाऱ्यांना मी दोष देत नाही. परंतु तिचा दाखला विमानाशेजारच्या फलकावर स्वच्छ शब्दांत असला पाहिजे, नाही तर प्रतिकृती ही खोटी साक्ष ठरते. न्यूझीलंडमधील कारागिरांनी फिरत्या सिलिंडरांची इंजिनेसुद्धा जुन्या मोजमापांबरहुकूम नव्याने घडवली, याचे मला म्हणूनच अतिशय अप्रूप वाटते. 1917 च्या ऑक्टोबरअखेर त्याच तिपंखी फोकरचे वरचे पंख उड्डाणात मोडून दोन जर्मन वैमानिक लागोपाठ मृत्युमुखी पडले, तेव्हा चौकशीत निष्काळजी सुतारकाम आणि लाकडात शिरलेली ओल ही कारणे पुढे आली व ती विमाने काही काळ उडवण्यास मनाई झाली. चौकशीचा हा निष्कर्ष वाचणे वेगळे आणि ज्या हातांनी तसाच पंख स्वतः जोडला आहे त्यांनी तो समजणे वेगळे.

इंग्लंडातील यॉर्कशर परगण्यात काही हौशी मंडळींनी सुट्टीच्या दिवशी जमून, वर्षानुवर्षे खपून, सॉपविथ कंपनीचे एक तिपंखी विमान मूळ नकाशांवरून तयार केले. त्या वेळी सर टॉमस सॉपविथ हयात होते. 1989 साली, वयाच्या 101 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. या मंडळींचे काम पाहून त्यांनी असा निर्वाळा दिला की ही प्रतिकृती नसून आपल्याच कारखान्याचे, जरा उशिरा तयार झालेले विमान आहे. ते विमान बेडफर्डशरमधील ओल्ड वॉर्डन येथील शटलवर्थ संग्रहात आहे. मूळ निर्मात्याने स्वतः दिलेल्या या सनदेपुढे अस्सल-नकलेचा वाद फार ताणण्यात मला तथ्य दिसत नाही.

ज्यांनी ही विमाने प्रत्यक्ष युद्धात उडवली, त्यांच्यात हिंदी तरुणही होते, आणि हा विषय केवळ परमुलखातला म्हणून आपल्याला बाजूला सारता येणार नाही. अॅश व स्प्रूसच्या लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणलेले लिननचे कापड, ते कडक राहावे म्हणून चोपडलेले ज्वालाग्राही रोगण, पुढ्यात पेट्रोलची टाकी, आणि एवढे असून ब्रिटिश विमानदलाने आपल्या वैमानिकांना पॅराशूट दिलेले नाही, अशा स्थितीत कलकत्त्याच्या इंद्रलाल रॉय यांनी एसई-5ए विमानातून 6 ते 19 जुलै 1918 या दोन आठवड्यांत 10 विजय नोंदवले, आणि 22 जुलैला ते आकाशातच मारले गेले. वय अवघे 19. रावळपिंडीचे हरदितसिंग मलिक यांना आधी प्रवेश नाकारण्यात आला. फ्रेंच विमानदल आपल्याला घ्यायला तयार आहे असे त्यांनी ऑक्सफर्डमधील आपल्या अध्यापकांना कळवल्यावर त्या गृहस्थांनी वरिष्ठांकडे रदबदली केली, तेव्हा कोठे दार उघडले. पगडीवर बसेल असे खास शिरस्त्राण करवून ते कॅमल चालवीत. 1917 मध्ये पायात शिरलेल्या दोन गोळ्या 1985 साली मृत्यू येईपर्यंत त्यांच्या शरीरात होत्या. मधल्या काळात ते स्वतंत्र भारताचे फ्रान्समधील राजदूत झाले.

आणि तिसरे आपल्या मुंबईचे : श्रीकृष्ण वेलिणकर. तेविसाव्या स्क्वाड्रनमध्ये ते सॉपविथ डॉल्फिन चालवीत असत. जून 1918 मध्ये ते कामी आले, आणि उत्तर फ्रान्समध्ये सोम भागातील आंगार या गावी त्यांची कबर आहे. डॉल्फिनचा वरचा पंख खालच्या पंखाहून मागे सरकवलेला असून वैमानिकाचे डोके त्या पंखातील चौकटीतून वर निघे. त्यामुळे आकाश चौफेर दिसे, पण उतरताना विमान उलटले तर पहिला आघात मानेवर होण्याची धास्ती असे. या विमानाचेही पूर्ण अस्सल रूप शिल्लक नाही. ब्रिटिश विमानदलाच्या संग्रहालयाने जुन्या सुट्या भागांतून एक जुळवले आहे, आणि ओल्ड ऱ्हाइनबेकचे संस्थापक कोल पेलन यांनी एक नव्याने बांधून उडवलेही होते. इंद्रलाल रॉय यांच्या स्मरणार्थ 1998 साली टपाल तिकीट निघाले. वेलिणकरांचे नाव मात्र मुंबईच्या सुशिक्षित माणसालाही ठाऊक नसते. परक्या साम्राज्यासाठी लढलेल्या माणसाचे स्मरण आपण का करावे, असे कोणी म्हणेल; परंतु हिंदी माणूस वैमानिक होण्यास अपात्र आहे हा त्या साम्राज्याचाच समज या मूठभर तरुणांनी खोडून काढला, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल.

मुंबईच्या विमानविद्येचा विषय निघाला की आपण शिवकर बापूजी तळपदे यांच्या 1895 सालच्या चौपाटीवरील कथित उड्डाणाकडे वळतो. तळपद्यांच्या जिज्ञासेविषयी मला आदर आहे. पण ज्या वैमानिकशास्त्र नामक ग्रंथाचा या संदर्भात नेहमी हवाला दिला जातो, त्यातील विमानांच्या रचनेची बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी 1974 साली छाननी केली, आणि ती विमाने उडू शकणार नाहीत असा निष्कर्ष काढला. डॉल्फिनचे तसे नाही. ते आजही बांधता येते, उडवता येते, आणि ते चालवणारा मुंबईकर कोणत्या गावी पुरला आहे, याची नोंद पाहता येते. अभिमान बाळगायचाच तर तो पुरावा असलेल्या माणसाविषयी बाळगावा.

असे काम आपल्याला पेलणार नाही, हे म्हणणे मी मानत नाही. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून जुहूपर्यंत टपाल आणले, त्या उड्डाणाची पुनरावृत्ती त्यांनीच 1982 मध्ये, वयाच्या 78 व्या वर्षी, जुन्या लेपर्ड मॉथ विमानातून केली. 2021 साली आरोही पंडित या वैमानिकेने भुजहून जुहूला येऊन त्या उड्डाणाची आठवण ताजी केली. भारतीय हवाई दलाने टायगर मॉथ आणि डाकोटा पुन्हा उडती केली आहेत. विमाने बांधणारा कारखाना नाशिकजवळ ओझरला आहे, विमानविद्या शिकवणारा विभाग पवईला आहे, आणि लाकडावर हुकमत असलेले सुतार कोकणात आजही आहेत. या तिघांनी मिळून, शासनाने थोडी तरतूद करून आणि धनिकांनी थोडा हात सैल सोडून, वेलिणकरांच्या स्क्वाड्रनच्या खुणांसह एक डॉल्फिन मुंबईत उभे करावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ते उडाले तर उत्तमच. न उडाले तरी त्यात काय जुने आणि काय नवे हे फलकावर प्रामाणिकपणे लिहिलेले असावे. आणि वेलिणकरांच्या आप्तांपैकी कोणाच्या संग्रही त्यांची पत्रे, छायाचित्रे वा फौजेकडून आलेला एखादा कागद असेल, तर त्यांनी तो राज्याच्या पुराभिलेख विभागाकडे नोंदवून ठेवावा. या कामाची सुरुवात तेथूनच व्हायला हवी.