दलाल बोलतो ते आपणच बोलतो

अब्बांचं वलगावचं घर विकायचं ठरलं, तेव्हा मला सगळ्यांनी एकच सल्ला दिला. दलाल आपला बघ. तो काम कसं करतो, दलाली किती घेतो, हिशेब देतो का, हे कोणी विचारलं नाही. आपला असला की झालं.

मीही आपलाच धरला. अब्बांच्या जनाज्याला खांदा दिलेला माणूस. पुण्याहून दोन दिवसांसाठी आलो होतो, ओसरीत चहा झाला आणि अर्ध्या तासात त्याने सगळं मांडलं. वीस लाख तुमच्या हातात, वरचे माझे. काही रक्कम कागदावर, बाकी रोख. लिहून कशाला द्यायचं, आपण काय परके आहोत? आणि उठता उठता, "बहनों की साइन मैं करा लूंगा, तुम टेन्शन मत लो."

मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पुण्याची गाडी पकडली.

अब्बांनंतर ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर नावं चढली ती आम्हा दोघा भावांचीच. अम्मीचं नाही, बाजीचं नाही, धाकटीचं नाही. नमुना आठ ही घरपट्टीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही, हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि बोलणं वेगळं. अब्बांचं घर 1937 च्या शरियत कायद्याप्रमाणे वाटलं जाणार. त्यात कुठे अडलं तर सूरह निसा उघडा, अपूर्णांक दिलेले आहेत. आमच्या घरापुरतं गणित असं: अम्मीचा आठवा हिस्सा, उरलेल्यात भावाला दोन वाटे, बहिणीला एक. घर 24 लाखांना गेलं तर अम्मीचे 3 लाख, आम्हा दोघांचे सात-सात, बहिणींचे साडेतीन-साडेतीन. दिवसभर कोड लिहिणाऱ्याला हे करायला दोन मिनिटं लागतात. मी ती दोन मिनिटं दिली नव्हती.

आठवड्याने बाजीचा फोन आला. दलाल तिच्या सासरी अचलपूरला जाऊन आला होता, टाइप केलेलं हक्कसोडपत्र घेऊन. तारीख मिळाली की दुय्यम निबंधकाकडे यायचं, असं सांगून गेला. दिवाणखान्यात तिचे सासरे, दीर, सगळे बसलेले. त्यांच्यासमोर तो म्हणाला, भावांची तशी इच्छा आहे.

बाजी म्हणाली, "सही करीन रे. माहेर तुटायला नको. पण तू स्वतः विचारलं असतंस."

माझा पहिला विचार काय होता सांगू? दलालाने आगाऊपणा केला. पण कसला आगाऊपणा? त्याने तेच केलं, जे करायला मी त्याला मान डोलावून सांगितलं होतं. 1872 च्या करार कायद्यात दहावं प्रकरण एजन्सीचं आहे. त्यातलं कलम 226 सांगतं की एजंटाने केलेला करार मालकाने स्वतः केल्यासारखाच बांधून ठेवतो. माझ्यापुरतं मी ते करारापलीकडे ताणतो. अचलपूरच्या दिवाणखान्यात दलालाची जीभ होती, बोलत मी होतो.

1985 मध्ये शाहबानोचा निकाल आला तेव्हा शरियत धोक्यात आहे म्हणून आपल्या आधीची पिढी रस्त्यावर उतरली. आजही कोणी शरियतवर बोट ठेवलं की आपले व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पेटतात. आणि त्याच शरियतने बहिणीला दिलेला हिस्सा एक दलाल, एक टाइपिस्ट आणि एक स्टॅम्प पेपर मिळून एका दुपारी बुडवतात. तेव्हा कोणाचा इस्लाम धोक्यात येत नाही. बहीण खुशीने सोडते म्हणतात. तिचा हिस्सा आधी तिच्या खात्यात जमा करा, मग बघू ती किती खुशीने परत पाठवते.

"आपसातलं आहे, लिहायचं कशाला" हेही त्याच जातीचं. कुराणातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची 282 वी, देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. करार कायद्याचं कलम 213 सांगतं की मालकाने मागितला की एजंटाने हिशेब द्यायचा. पण "वरचे माझे" मान्य केलं की हिशेब मागायचं तोंड आपल्याला उरत नाही. त्याने 26 ला विकलं की 30 ला, कळणारही नाही. रोखीचं तर सोडाच. 2015 पासून घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने बंद आहे.

मग मी अमरावतीच्या एका ऑफिसवाल्याकडे गेलो. एसी, काचेचं टेबल, महारेराचा नंबर भिंतीवर. तो नंबर नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीसाठी लागतो, गावठाणातल्या जुन्या घरासाठी नाही. तरी बघून बरं वाटलं. त्याचा पहिलाच प्रश्न, "भाऊ, गिऱ्हाईक कोनतं चालीन तुम्हाले? म्हंजे कोन्या समाजाचं?"

पुण्यात नोकरी लागली तेव्हा मी फ्लॅट शोधत होतो. फोनवर नाव सांगेपर्यंत फ्लॅट रिकामा असायचा. नाव सांगितलं की, "सर, तो कालच गेला." प्रत्येक वेळी बोलणारा दलाल होता, मालकाचा आवाज मी एकदाही ऐकला नाही. तुमच्यापैकी अर्ध्यांनी हे ऐकलेलं असेल आणि त्यावर पोस्टही लिहिली असेल. आता टेबलाच्या मालकाच्या बाजूला मी बसलो होतो. आणि माझे चाचा आधीच बजावून बसले होते, गल्लीत बाहेरचा नको.

अमेरिकेत 1968 च्या कायद्याने धर्म बघून घर नाकारायला बंदी आली, ती दलालांनाही लागू आहे. उलट गुजरातेत 1991 च्या कायद्याने 'अशांत क्षेत्रा'तलं घर विकायला कलेक्टरची परवानगी लागते. आपल्या गल्लीला कलेक्टर लागत नाही, चाचा पुरतात.

मी म्हटलं, ज्याचा चेक वटेल त्याला द्या. तो हसला. "मंग येळ लागीन."

याच वलगावजवळ, पेढी नदीपाशी, 20 डिसेंबर 1956 ला गाडगेबाबा गेले. इतक्या धर्मशाळा बांधल्या, स्वतःसाठी घर ठेवलं नाही. आमचं एकच आहे आणि त्याने एवढं उघडं पाडलं.

शेवटी त्याच ऑफिसवाल्याला काम दिलं. लेखी. दोन टक्के दलाली, येणारा प्रत्येक भाव पाचही वारसांना त्याच दिवशी कळवायचा, विक्रीखतावर पाचही जणांच्या सह्या, पैसे पाच खात्यांत. त्याने कुरकुर केली, एवढ्या लोकांना कोण फोन करत बसणार म्हणून. सही केली. पहिला मात्र गावभर सांगतो आहे की शिकून पोरगा बिघडला, आपल्यातल्याचं पोट मारलं.

घर अजून विकलं गेलेलं नाही. मी अचलपूरला गेलो, तेव्हा बाजीकडे ते हक्कसोडपत्र फाडायला मागितलं. तिने दिलं नाही. कपाटात ठेवलंय म्हणाली.